न सांगता वळणारे सर

सरांच्या व्हॅनला इंडिकेटर होते. चारही शाबूत होते, आणि दर दसऱ्याला सर ते ओल्या फडक्यानं पुसून त्यांना हळद-कुंकू लावायचे. फक्त वापरायचे नाहीत. स्टेअरिंगजवळची ती दांडी शेवटची कुणी खाली-वर केली असेल, तर गाडी विकणाऱ्यानं, गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून.

आम्ही जालन्याहून अप-डाऊन करणारे मास्तर लोक. शाळा अंबडच्या पुढं, वडीगोद्रीच्या अलीकडं एका गावात. एसटीनं गेलं की प्रार्थना चुकायची आणि काळ्या-पिवळ्या जीपनं गेलं की साडीची इस्त्री जायची. म्हणून सरांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि आम्ही दोघी तिच्यात बसू लागलो. मी मराठी शिकवणारी, आणि दुसऱ्या गणिताच्या जैन मॅडम. सर इतिहास शिकवायचे. वर्गातही त्यांचं तेच. पानिपतावर धुराळा उडालेला असायचा आणि पुढच्याच वाक्यात पोरं फ्रान्सात. मधे ‘आता आपण दुसरीकडं जाऊ’ वगैरे काही नाही. हुशार पोरं अंदाजानं वहीत एक रेघ मारून घ्यायची. बाकीच्यांच्या वहीत पेशव्यांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडलेला असायचा.

व्हरांड्यातून चालतानाही सर सरळ जाता जाता एकदम काटकोनात वळायचे. आमचे शिपाईमामा त्यांच्या मागून चहा नेताना ट्रे छातीशी धरून चालत. नवीन आलेला शिक्षक पहिल्या आठवड्यात एकदा तरी सरांच्या पाठीवर आदळायचाच. आम्ही जुने लोक त्याची वाट बघत असू. करमणुकीची साधनं कमी होती.

“सर, इंडिकेटर का देत नाहीत तुम्ही?” असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा मी चाळिशीला टेकलेली होते, पण सगळ्यांना सगळं विचारायचा अधिकार आपल्याला बी.एड.बरोबरच मिळाला आहे, अशी माझी समजूत होती.

“बाई, इंडिकेटर म्हंजी चहाडी हो,” सर म्हणाले. “मी कुठं वळून राह्यलो ते मागच्याला कशाला पाहिजे? त्यानं त्याचं बघावं.”

“आणि तो मागचा आपल्या अंगावर आला तर?” जैन मॅडमनी मागून विचारलं. गणितवाल्यांना शक्यता फार सुचतात.

“आला तर कळंलच की त्याला, मी वळलो ते.”

आता पुढच्या सीटची गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझी जास्त शोभा आहे. व्हॅनमध्ये बसायच्या पहिल्या सकाळी सरांनी पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही पुढं बसा.” मी फुगले. मागं बसलेल्या जैन मॅडमकडं मी अशी नजर टाकली, जशी राजघराण्यातली बाई हत्तीवरून टाकत असेल. दुसऱ्या दिवशी मी बसायला घरून उशी आणली. नवऱ्याला सांगितलं, सर माणूस पारखतात. तिसऱ्या दिवशी अंबडच्या अलीकडं, मागं मोसंबीचा ट्रक लागलेला असताना सर एकदम म्हणाले, “बाई, हात.”

मी हाताकडं बघितलं. “काय झालं हाताला?”

“बाहेर काढा जल्दी. वळायचंय.”

मी काढला. ट्रक थांबला. आम्ही वळलो. आणि त्या दिवसापासून मी कित्येक वर्षं त्या गाडीची डावी बाजू होते. उजवी बाजू सरांच्या मागं बसणाऱ्या जैन मॅडमकडं होती. त्यांचा दुसरा हात कायम मठरीच्या डब्यात असे, आणि कधीकधी घाईत मठरीसकट बाहेर जाई. एकदा एक मोटारसायकलवाला ती घ्यायला जवळ आला होता.

मी म्हणाले, “सर, हात दाखवणं म्हणजेसुद्धा सांगणंच झालं की.”

“न्हाई. हात म्हंजी विनंती. बत्ती म्हंजी जाहिरात.”

मला हे फार खोल वाटलं. तेव्हा मला सरांचं बरंच काही खोल वाटायचं. मी हाताची एक पद्धतच बसवली. मनगट जरासं मोडून, बोटं जुळवून, फार ताठ नाही, फार सैल नाही. डावा हात उन्हानं उजव्यापेक्षा दोन छटा काळा पडला, ते मी लग्नाकार्यात मिरवलं. माझ्या कामाचं खरं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही जैन मॅडमकडून. सरांनी त्यांना सांगितलं होतं, “ट्रकवाला बत्तीला थांबत न्हाई, बांगडीला थांबतो. तुमच्या हातात एक कडं. बाईंच्या हातात बघा, डझनभर वाजून राह्यल्या.”

मला वाटलं होतं, माझ्या ज्येष्ठतेमुळं.

पुढं रस्ते रुंद झाले, मधे दुभाजक आले, काळ्या डांबरावर पांढरे पट्टे आले. त्या पट्ट्यांकडं सर रांगोळीकडं बघावं तसं बघत. काढलीय छान, पण आपण चाललोय त्या वाटेवर काढली, तर पाय पडणारच. या लेनमधून त्या लेनमध्ये, त्या लेनमधून परत या लेनमध्ये, दोन्ही वेळा कुणाला पत्ता नाही. आणि लेन बदलायला ते हातही मागत नसत. “वळण म्हंजी वळण. हे तर नुसतं कूस बदलणं झालं. झोपेत कूस बदलताना सांगता का कुणाला?”

एकदा असं कूस बदलताना मागच्या काळ्या-पिवळ्या जीपच्या टायरांनी जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येते. जीपवाला पुढं जाऊन आडवा थांबला आणि उतरून आला. तोंडात गुटखा, म्हणून आधी थुंकला, मग बोलला.

“ओ मास्तर! इंडिकेटर कशाला दिलंय गाडीला? लायटिंग म्हनून?”

सर शांत. “तुला वळायचं होतं का मला?”

“तुम्हाला हो!”

“मंग मी वळलो की. तू कशाला ओरडून राह्यला?”

जीपवाल्यानं परत एकदा थुंकून घेतलं. त्याच्या जीपमधली मंडळी एकेक करून खाली उतरली, कारण असा वाद रोज ऐकायला मिळत नाही. मी मधे पडले. म्हणाले, “अहो दादा, मी हात दाखवला होता.” दाखवला नव्हता. पण गाडीच्या इज्जतीचा प्रश्न होता, आणि जीपची घरघर ऐकून मी दचकून हात बाहेर काढला होता, हे खरं होतं.

जीपवाल्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “तो तुमचा हात व्हता व्हय? मला वाटलं तुम्ही पिशवी झटकून राह्यल्या.”

सर हसले, जैन मॅडम हसल्या, जीपमधली माणसं हसली. मी शाळा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते. माणसाला आपल्या कुठल्या कलेचा अभिमान वाटेल, ते सांगता येत नाही.

घरीही सर तसेच, हे वहिनींकडून कळायचं. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. बोलायला मऊ, पण सांगायला लागल्या की काही शिल्लक ठेवत नसत. सर रिटायर झाले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात एका सकाळी वहिनींनी कुकर लावलेला होता आणि दारात टेम्पो उभा राहिला.

“कुणाचा हो टेम्पो?” वहिनी म्हणाल्या.

“आपला. बदनापूरला चाललोय राह्यला. प्लॉटवर घर बांधून झालंय.”

वहिनींना प्लॉट माहीत होता. घर माहीत नव्हतं. कुकर तिसऱ्या शिट्टीला उतरवला आणि तसाच गरमागरम टेम्पोत गेला. “नव्या घरात गेल्यावर पहिल्यांदा वरणभात जेवलो,” त्या मला म्हणाल्या. “ते बरं झालं. न्हाईतर गृहप्रवेशाला उपाशी राह्यलो असतो.”

मी हे माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, “आई, हे भयंकर आहे.” मला तेव्हा ते गमतीशीर वाटलं होतं. आता मला दोन्ही वाटतं. कुठलं आधी, ते दिवसावर अवलंबून.

मीही रिटायर झाले आणि कधी नव्हे ते गाडी शिकले. शिकवणारा पोरगा माझ्या मुलीपेक्षाही लहान, आणि त्यानं मला इंडिकेटरचं असं काही वेड लावलं की मी माझ्या फाटकातून बाहेर पडतानाही गल्लीतल्या झोपलेल्या कुत्र्याला कळवूनच वळते.

मधल्या काळात वहिनींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बदनापूरहून जालन्याला डायलिसिस. व्हॅन जाऊन एसीची छोटी गाडी आली, कारण वहिनींना धूळ सोसत नव्हती. काचा कायम वर. सर नेत, बसून राहत, परत आणत. बाकी कुणाबरोबर जायला वहिनी तयार नव्हत्या, आणि त्याचं कारण त्या लपवत नसत. मशीनवरून उठलं की पोट ढवळायचं, कधी उलटी व्हायची, कधी नेसलेलं सावरायचं भान नसायचं. “हे असले की मी कशीबी असले तरी चालतं,” त्या म्हणत. “परक्या ड्रायव्हरच्या पाठीमागं असं पडून राह्यचं, मला न्हाई जमायचं बाई.”

अशात एका नाक्यावर पोलिसानं सरांना थांबवलं आणि लायसन मागितलं. सरांनी रुबाबात काढून दिलं. ते संपून इतके दिवस झाले होते की आता नुसतं रिन्यू होणार नव्हतं. परत परीक्षा द्यावी लागणार होती. पोलीस भला माणूस. मागच्या सीटवर पडलेल्या वहिनींकडं बघून म्हणाला, “सर, आज जाऊ द्या. पण बिना लायसनचं परत चालवू नका.”

सरांच्या पुण्यातल्या मुलानं फोनवर लगेच निकाल दिला, “बाबा, ड्रायव्हर लावा.” वहिनींनी फोन कानाला लावून फक्त “बघू” म्हटलं आणि ठेवून दिला. मग मला लावला.

परीक्षेला मीच गाडी घेऊन गेले दोघांना. आरटीओच्या मैदानात एक तरुण निरीक्षक मॅडम सरांच्या शेजारी बसल्या, डावीकडं, बरोबर माझ्या जुन्या जागी. काच खाली होती म्हणून आम्हाला चहाच्या टपरीवरून सगळं ऐकू आलं. पहिलं वळण आलं आणि सर सवयीनं म्हणाले, “बाई, हात.”

“काय?”

“हात बाहेर काढा जल्दी.”

“आजोबा, इंडिकेटर द्या.”

सरांनी घाईघाईत दांडी ओढली. वाइपर सुरू झाले. कोरड्या ठणठणीत काचेवर ते असे काही करकरले की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक करून मान बाहेर काढली. निरीक्षक मॅडमनी हसू दाबलं, पण नापास केलं. थोड्या दिवसांनी परत या म्हणाल्या.

मी पोट धरून हसत होते. शेजारी बघितलं तर वहिनी हसत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “परवाला माझा नंबर आहे. आता कुणासंग जायचं?”

“मी नेते की,” मी म्हणाले. ते नेणं किती दिवसांचं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. मुलीच्या बाळंतपणासाठी मला पुढच्या महिन्यात बंगळूरला जायचं होतं. तोवर सर पास झाले तर ठीक. नाही तर ड्रायव्हर.

दोन दिवसांनी डायलिसिस उरकून आम्ही बदनापूरला परत निघालो. वहिनी मागच्या सीटवर आडव्या. सर पुढं डावीकडं, म्हणजे आता नुसते प्रवासी, आणि चेहरा असा की त्यांना कुणी वर्गाबाहेर उभं केलंय. मी माझ्या पद्धतीनं चालवत होते. पुढं ट्रॅक्टर आला, इंडिकेटर दिला, थांबले, लेन बदलली. परत इंडिकेटर, परत आत. टिकटिक, टिकटिक. सरांना सहन होईना. त्यांनी आरशात बघितलं, मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. रस्ता मोकळा.

“बाई, मागं कुणी न्हाई. कुणाला सांगून राह्यल्या?”

“मला,” मागून वहिनी म्हणाल्या.

आम्हाला वाटलं होतं, त्या झोपल्यात.

“तुला?” सर म्हणाले.

“मला. मशीनवरून उठलं का अंगात जीव नसतो. तुम्ही एकदम या अंगाचे त्या अंगाला जाता, पोट एकीकडं राह्यतं आन मी एकीकडं. दाराची कडी धरून धरून बोटं दुखतात. आज टिकटिक वाजली का कळून राह्यलं, आता गाडी जाणार. आधीच धरून बसता येतं.”

सरांनी मान परत समोर वळवली. मग म्हणाले, “मंग इतके दिवस बोलली का न्हाई?”

“तुम्हाला कुणी विचारलेलं आवडतं का, कुठं वळून राह्यले म्हनून?”

मी परत इंडिकेटर दिला.  बदनापूर येईपर्यंत गाडीत फक्त ती टिकटिक आणि एसीचा आवाज.

दुसऱ्या दिवसापासून कृषी संशोधन केंद्राकडच्या मोकळ्या रस्त्यावर आमची शिकवणी सुरू झाली. मी गुरू, सर शिष्य. सूड घ्यायची इतकी सुंदर संधी आयती चालून आली होती, पण शिष्य फारच वाईट निघाला, त्यामुळं मजा गेली. त्यांचा हात दांडीकडं जाईच ना. गेला तर वळून झाल्यावर. “सर, आता काय उपयोग?” तर म्हणे, “उशिरा का होईना, कळवलं.” पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वहिनी मागं बसलेल्या असल्या की ते बरोबर देत. नुसतं बरोबर नाही, जरा लवकरच. वळण लांब असतानाच टिकटिक सुरू. वहिनी घरी असल्या की परत पहिले पाढे. मी शेजारी बसलेली, घसा फोडून ओरडतेय, त्याचा काही परिणाम नाही. इतकी वर्षं मी हात दाखवला, त्याचं हे बक्षीस.

मी वहिनींना म्हटलं, “परीक्षेत तुम्हाला मागं बसू देणार नाहीत.”

“ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांला सांगू नका.”

दुसऱ्या परीक्षेचा दिवस नेमका डायलिसिसचा. वहिनींचा नंबर सकाळचा होता. उरकून आम्ही तसेच मैदानात आलो. निरीक्षक मॅडम त्याच. मागचं दार उघडून त्या वहिनींना म्हणाल्या, “आजी, तुम्हाला उतरावं लागेल.” मी त्यांना धरून टपरीच्या बाकड्यावर आणून बसवलं.  सरांनी आरशातून मोकळी सीट बघितली, मग आमच्याकडं बघितलं. माझ्या मनात आलं, संपलं. गाडी निघाली आणि पत्र्याच्या शेडमागं गेली. या वेळी काचा वर होत्या. काही दिसेना, काही ऐकू येईना. वहिनींनी डोळे मिटले होते, पण माझ्या मनगटावरची त्यांची पकड दाराच्या कडीवर असते तशीच होती.

गाडी परत आली. सर उतरले, आमच्याजवळ आले, वहिनींना उठवलं, हळूच नेऊन मागच्या सीटवर आडवं केलं.  पास का नापास, ते सांगितलं नाही. मी विचारायला तोंड उघडणार तोच ते वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

निरीक्षक मॅडम कागद हातात घेऊन माझ्याजवळून जात होत्या. “पास आहेत,” त्या म्हणाल्या. मग जरा घोटाळून, “आजी, एक विचारू? ते प्रत्येक इंडिकेटरच्या आधी आरशात मागच्या सीटकडं बघत होते. मागं तर कुणी नव्हतं.”

मी म्हटलं, “हो का?” आणि पुढं डावीकडं जाऊन बसले. नवं लायसन घरी यायला अजून दिवस लागणार होते, म्हणजे कायद्यानं त्या दिवशी गाडी मीच चालवायला हवी होती. हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं. मी पट्टा लावला आणि समोर बघत बसले.

मैदानाच्या फाटकाशी सर थांबले. इंडिकेटर दिला. मग आरशात बघून म्हणाले, “डावीकडं घेऊन राह्यलो. आधी मेडिकलवर थांबायचंय, तुझ्या गोळ्या संपल्यात. मंग सरळ घरी.”

 मागून वहिनी म्हणाल्या, “अहो, मी विचारलं न्हाई.”

“मी सांगून राह्यलो,” सर म्हणाले आणि वळले.

मेडिकल आलं. सरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं नाही, एसी चालू ठेवला. वहिनींचा हात कडीवरून सुटून सीटखाली लोंबत होता, आणि त्या चक्क घोरत होत्या. उतरायचं तर दार वाजलं असतं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग आम्ही दोघं दुकानासमोर तसेच बसून राहिलो.